हरवलेल्या सुराची ओळख : एका बंगाली रूपांतराचे आकर्षण

लोकप्रिय चित्रपटाविषयी लिहिताना समीक्षेने दोन शब्द फार सैलपणे वापरले आहेत : एक ‘भावविवश’ आणि दुसरा ‘उचललेला’. या दोन शब्दांनी एखाद्या चित्रपटाचा निकाल लावता येतो आणि त्याच्याकडे पुन्हा पाहण्याचे श्रमही वाचतात. अजय कर यांनी दिग्दर्शित केलेला ‘हारानो सुर’ (१९५७) हा बंगाली चित्रपट दोन्ही आरोपांना पात्र आहे. तो भावविवश आहे हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. आणि त्याचे कथासूत्र मर्व्हिन लरॉय यांच्या ‘रँडम हार्वेस्ट’ (१९४२) या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेले आहे, हेही उघड आहे. तो अमेरिकी चित्रपटही पुन्हा स्वतंत्र नव्हे. जेम्स हिल्टन यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे ते चित्ररूप. म्हणजे बंगाली प्रेक्षकापर्यंत जे पोहोचले ते तिसऱ्या हातातले. असे असूनही उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांच्या ज्या मोजक्या चित्रपटांना बंगाली रसिकाने स्वतःच्या घरातल्या वस्तूसारखे जपले, त्यांत ‘हारानो सुर’चे स्थान फार वरचे आहे. परक्या कथेविषयी ही आपुलकी का वाटावी?

नटद्वयाची मोहिनी आणि हेमंत मुखर्जी यांचे संगीत ही दोन कारणे सहज पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. याच उत्तमकुमारांनी १९६७ साली ‘छोटी सी मुलाकात’ या हिंदी चित्रपटाची निर्मिती करून स्वतः नायकाची भूमिका केली. हा चित्रपट ‘अग्निपरीक्षा’ (१९५४) या त्यांच्याच बंगाली यशाची पुनर्निर्मिती होती. मूळ कथा आशापूर्णा देवींची. वैजयंतीमालांसारखी नायिका, शंकर-जयकिशन यांचे संगीत, रंगीत चित्रण, सारे काही होते. चित्रपट पडला, आणि निर्मात्याला त्याची झळ दीर्घकाळ सोसावी लागली. नट तोच, कथा तीच, तरीही ती नव्या भूमीत रुजली नाही. तेव्हा पुनर्निर्मितीचे यश मुळाच्या गुणावर किंवा नटाच्या तेजावर आपोआप उभे राहत नाही. कथा ज्या घरात येते त्या घरात तिच्यासाठी आधीपासून एखादी जागा असावी लागते.

‘हारानो सुर’ची कथा थोडक्यात अशी. अपघातात स्मृती गमावलेला आलोक मनोरुग्णालयात आहे. तेथील कठोर उपचारपद्धती तरुण डॉक्टर रमाला मान्य नाही. तेथून निसटलेला आलोक तिच्या आश्रयाला येतो. ती त्याला वडिलांकडे गावी नेते. तेथील मोकळ्या हवेत तो सावरू लागतो, दोघांचे लग्न होते. पुढे दुसरा अपघात घडतो, आणि पहिल्या आयुष्याची स्मृती परत येताना मधल्या काळाची पुसली जाते. आलोक कलकत्त्याला आपल्या संपन्न घरी परततो; रमा त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. ती त्याचा शोध घेत त्या घरात येते ती पत्नी म्हणून नव्हे, तर घरातल्या लहान मुलीची पगारी शिक्षिका म्हणून. शेवटी गावातल्या त्याच घरापाशी, त्याच परिसरात, त्याला तिची ओळख पटते.

स्मृतीचे असे सोयीस्कर येणेजाणे वैद्यकशास्त्रात बसते की नाही, हा प्रश्न विचारून या चित्रपटाची टर उडवणे सोपे आहे. पण ज्या प्रेक्षकाने शापाने विसरलेला राजा मान्य केला, त्याला मोटारीच्या धक्क्याने विसरलेला कारखानदार मान्य करण्यास अडचण पडू नये.

हिल्टन यांच्या कादंबरीत एक चलाखी आहे. नायकाची चिटणीस आणि पुढे नावापुरती पत्नी झालेली स्त्री म्हणजेच त्याची हरवलेली पहिली पत्नी, हे वाचकाला अगदी शेवटापर्यंत कळू दिलेले नाही. छापील पानावर माणसाचा चेहरा दिसत नसल्यामुळे हे साधते. पडद्यावर ते अशक्य होते. ग्रीअर गार्सनचा चेहरा एकदा पाहिल्यावर प्रेक्षक तो विसरणार कसा? म्हणून लरॉय यांनी रहस्य टाकून दिले आणि त्याच्या जागी प्रेक्षकाचे ‘ठाऊक असणे’ आणले. नायकाला माहीत नाही, नायिकेला माहीत आहे आणि आपल्यालाही माहीत आहे, अशी ही रचना. कादंबरीतला विस्मय गेला आणि त्याऐवजी एक दीर्घ, संथ वेदना आली. पहिली खरी पुनर्निर्मिती येथेच घडली असे म्हणावे लागते. आणि बंगाली चित्रपटाने घेतले ते कादंबरीचे रहस्य नव्हे, ही वेदना.

आता बंगाली चित्रकारांनी काय बदलले ते पाहावे. मूळ चित्रपटातला नायक पहिल्या महायुद्धात जखमी झालेला अधिकारी. युद्ध संपल्याच्या रात्री तो रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडतो. बंगालीत युद्ध नाही. मूळ नायिका पॉला ही करमणुकीच्या रंगमंचावर गाणारी-नाचणारी स्त्री. बंगालीत ती डॉक्टर झाली. १९५७ च्या मध्यमवर्गीय बंगाली नायिकेला रंगमंचावरची नर्तकी करणे धोक्याचे होते, एवढेच कारण यामागे असावे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या बदलाचे परिणाम फार दूरवर गेले आहेत. पॉलाचा प्रवास वर चढणारा आहे : रंगमंचावरून चिटणिसाच्या मेजाकडे, तेथून संसदसदस्याच्या पत्नीच्या मानाच्या जागी. रमाचा प्रवास नेमका उलटा. ती शिकलेली, कमावती, वरिष्ठांशी उपचारपद्धतीवरून वाद घालणारी डॉक्टर. आणि प्रेमापायी ती एका श्रीमंत घरात मुलीला शिकवणारी नोकर होते. ज्याला तिने बरे केले त्याच्याच घरी ती पगार घेते.

चित्रपटाला या अधोगतीची जाणीव आहे का? पुरती नाही. उत्तरार्धात रमाच्या वैद्यकीय ज्ञानाचा जणू पटकथेलाच विसर पडतो. जिने पहिल्यांदा रोगाशी झुंज घेतली, ती दुसऱ्यांदा केवळ वाट पाहते. ही पटकथेतील उणीव आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. तसेच आलोकशी जिचा विवाह ठरलेला आहे त्या तरुणीलाही चित्रपट न्याय देत नाही. तीही एका अर्थी या विस्मरणाची बळी आहे, पण तिच्याकडे अडथळा म्हणूनच पाहिले जाते. तथापि सुचित्रा सेन यांचा अभिनय रमाच्या पदरी आलेल्या या अन्यायाला वाचा फोडतो. समोरचा माणूस सौजन्याने, मालकाच्या किंचित दुराव्याने बोलत असताना तिच्या मुद्रेवर जे उमटते ते केवळ दुःख नसते. त्यात अभिमान असतो, थोडा रोषही असतो. सांगून, पुरावे मांडून पटवलेले नाते तिला नको आहे. त्याने स्वतः आठवले पाहिजे. या हट्टात तिची सारी प्रतिष्ठा उरलेली आहे. उत्तमकुमारांची भूमिका त्या मानाने एकसुरी वाटण्याचा संभव होता. त्यांनी ती एका अस्वस्थतेवर तोलली आहे : काही हरवले आहे हे कळते, काय हरवले ते कळत नाही.

या अस्वस्थतेपाशी आले की हॉलिवूड मागे पडते आणि कालिदास समोर येतो.

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्यामागून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. दुष्यंत ते ऐकतो आणि कोणाचाही विरह नसताना आपले मन असे का हुरहुरते, हे त्याला उमगत नाही. मागच्या जन्मीचे स्नेहबंध नकळत आठवत असावेत, असे तो स्वतःचे समाधान करून घेतो. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते की मागच्या जन्माचा येथे काही संबंध नाही. ती याच जन्मी, काही महिन्यांपूर्वी, आश्रमात होती आणि क्षणभरात दारात येणार आहे. सूर आधी येतो, ओळख नंतर. गाण्याने मनाच्या तळातले काही हलते पण वर येत नाही. ‘हारानो सुर’ म्हणजे हरवलेला सूर. या नावाची आणि त्या अंकाची जवळीक कोणी जाणूनबुजून साधली की नाही, हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की बंगाली प्रेक्षकाच्या मनात ही जागा तयार होती. विद्यासागरांचे गद्य ‘शकुंतला’ १८५४ सालचे, अवनींद्रनाथांचे मुलांसाठीचे १८९५ चे. रवींद्रनाथांचा शकुंतलेवरील प्रसिद्ध निबंध ‘प्राचीन साहित्य’ (१९०७) या संग्रहातला. पिढ्यान्‌पिढ्या जी कथा बालपणीच घरात वाचली गेली, तिच्याच वाटेने ही परकी कथा आत आली. गावातले मोकळे, निसर्गाच्या सान्निध्यातले प्रेम. वडिलांचे वत्सल छत्र. मग नगर, वैभव आणि विस्मृती. आणि शेवटी नगराबाहेर पुनर्मीलन. हिल्टन यांच्या कथेतले इंग्लंडमधील खेड्यातले छोटेसे घर बंगालीत येताना आश्रम झाले.

या पार्श्वभूमीवर ‘उचललेला’ हा शब्द किती तोकडा पडतो ते ध्यानात येईल. मराठी वाचकाला तर हे विशेष सांगण्याची आवश्यकता नसावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ मराठी संगीत रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिल्या प्रयोगात चारच अंक होते. म्हणजे त्या रात्रीचे प्रेक्षक शकुंतलेची पाठवणी पाहून, राजाच्या विस्मृतीशी गाठ पडण्यापूर्वीच घरी गेले. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ परक्या मुळावरचे, पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरची, मराठी माणसाने त्यांना कधी परके मानले नाही. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून आलेला शरच्चंद्रही येथे असाच घरचा झाला. नाटकाला आणि कादंबरीला जे औदार्य दाखवले जाते ते चित्रपटाला नाकारण्यामागे वाङ्मयीन तत्त्वापेक्षा वर्गीय अढी अधिक असावी. ‘पथेर पांचाली’ (१९५५) आणि ‘अजांत्रिक’ (१९५८) यांच्या काळात बंगाली चित्रसमीक्षेचे लक्ष त्या थोर कृतींकडे गेले हे योग्यच झाले. पण त्याच शहरातल्या त्याच माणसांनी तिकीट काढून ज्यांच्यासाठी अश्रू ढाळले, त्या चित्रपटांकडे केवळ समाजशास्त्राचा विषय म्हणून पाहिले गेले. अश्रूंचीही एक घडण असते, आणि ती तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

ही घडण भवभूतीत आणखी स्पष्ट दिसते. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या, ‘छाया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकात सीता अदृश्य रूपाने रामाच्या जवळ वावरते. त्याचा विलाप ती ऐकते, त्याला स्पर्श करते. तो स्पर्श त्याला जाणवतो, ती मात्र दिसत नाही. पत्नी समोर आहे आणि नाहीही. रमाचे आलोकच्या घरातले वावरणे याच जातीचे आहे. फरक असा की सीतेला देवतेच्या वराने अदृश्यता मिळाली, रमाला ती नोकरीने मिळाली. श्रीमंत घरात पगारी माणूस दिसूनही दिसत नाही. हा अर्थ हॉलिवूडच्या चित्रपटात इतका टोचत नाही, कारण तेथील चिटणीस नायकाच्या कामात बरोबरीने सहभागी आहे. आपल्याकडे नोकरीसाठी परक्या घराची पायरी चढणाऱ्या शिकलेल्या स्त्रीचा अनुभव त्या वर्षांत ताजा होता. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) आणि ‘महानगर’ (१९६३) यांनी तो पुढे थेट हाताळला. ‘हारानो सुर’मध्ये तो प्रेमकथेच्या पदराखाली आला, एवढेच.

कलकत्त्याच्या संदर्भात आणखी एक अर्थ सुचतो, तो जपूनच मांडला पाहिजे. फाळणीला तेव्हा दहा वर्षे झाली होती. दोन आयुष्ये जगलेली, एक घर पलीकडे सोडून दुसरे येथे उभारणारी असंख्य माणसे त्या शहरात होती. चित्रपटात फाळणीचा उच्चारही नाही, आणि प्रत्येक बंगाली अश्रूचा उगम फाळणीत शोधण्याची सवयही चांगली नव्हे. तरी मधला काळ पुसला गेलेल्या माणसाची आणि तो काळ एकटीने जपणाऱ्या स्त्रीची कथा त्या प्रेक्षागृहात निव्वळ काल्पनिक वाटली नसेल, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. त्याला सारे आठवते, आणि तरीही भर सभेत तो तिला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. दुर्वासाचा शाप ही कालिदासाची निर्मिती. कालिदासानेही एका परीने जुन्या कथेची पुनर्निर्मितीच केली, आणि तीत राजाला दोषमुक्त केले. प्रेमकथा जगावी म्हणून पुरुषाचा अपराध विस्मृतीच्या खात्यावर टाकण्याची ही युक्ती फार जुनी आहे. ‘हारानो सुर’ तिचाच वापर करतो. आलोक निर्दोष आहे. त्याने काहीच केलेले नाही, केवळ विसरला आहे. म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही आणि रमाचा रोष अखेर अश्रूंतच विरतो. प्रेक्षकाला यात जे सुख मिळते त्याचा एक भाग असा सोपेपणाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. भोळ्या स्त्रीला गावी सोडून शहरात विसरून जाणारे पुरुष वास्तवात शापामुळे किंवा अपघातामुळे विसरत नसतात. त्यांची स्मृती उत्तम असते.

पण तेवढ्यावरून हे आकर्षण खोटे ठरवता येत नाही. शाप प्रेक्षकाला माहीत असतो, शकुंतलेला माहीत नसतो. तेथे ती अपमानित होते ती कारण न कळता. रमाला मात्र कारण माहीत आहे. ती डॉक्टर आहे. आपला नवरा अपराधी नाही, रोगी आहे, हे तिला कळते. आणि कळूनही दुखायचे ते दुखतेच. शकुंतलेची जागा घेताना या नायिकेने प्रेक्षकाचे ज्ञानही सोबत घेतले आहे. म्हणून प्रेक्षक तिच्याकडे वरून पाहत नाही, तिच्या शेजारी बसतो. दोघे मिळून एका तिसऱ्या माणसाची वाट पाहतात. जो प्रेक्षक हा चित्रपट पुन्हा पाहतो, किंवा ज्याने ‘रँडम हार्वेस्ट’ आधी पाहिलेला आहे, त्याचे यात काही कमी होत नाही. पुढे काय होणार, ही उत्कंठा येथे कधी मुख्य नव्हतीच. ठाऊक असलेली ओळख कधी पटते, याची ती वाट पाहणे आहे. आणि जुनी गोष्ट नव्या रूपात भेटली की प्रेक्षकालाही तसेच काहीसे होते.

या सुखाची परतफेड दोनच वर्षांनी झाली. असित सेन यांच्या ‘दीप ज्वेले जाई’ (१९५९) या चित्रपटात पुन्हा मनोरुग्णालय आहे, पुन्हा सुचित्रा सेन आहेत, पुन्हा हेमंत मुखर्जींचे संगीत आहे. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवरील या चित्रपटात राधा मित्र ही परिचारिका आहे. प्रेमभंगाने वेडे झालेल्या रुग्णाला प्रेमाच्या आभासाने बरे करायचे, असा तेथील डॉक्टरांचा प्रयोग. आभास निर्माण करायचा तो तिने. रुग्ण बरा होतो आणि आपल्या आयुष्याकडे निघून जातो. प्रयोग यशस्वी झाल्याची नोंद होते. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी ती मोडून पडते. रमाचेच काम राधा करते, परंतु येथे विस्मृतीचा आडोसा नाही. बरा झालेला माणूस सारे आठवत असताना जातो, कारण त्याच्या लेखी तो उपचार होता. ‘हारानो सुर’ने जे दडवले ते येथे उघडे पडले. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला दुसरा हा पहिल्याला दिलेला जबाब वाटतो.

या चित्रपटाच्याही पुनर्निर्मिती झाल्या : तेलुगूत सावित्रींच्या प्रमुख भूमिकेचा ‘चिवरकु मिगिलेदि’ (१९६०) आणि हिंदीत असित सेन यांनीच केलेला ‘खामोशी’ (१९६९). हिंदी चित्रपटाचे निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, गीते गुलजार यांची, राधेच्या भूमिकेत वहिदा रहमान. रंगीत चित्रपटांची चलती असताना हा कृष्णधवल ठेवला गेला, आणि मुळाचा रात्रीचा, लांब सावल्यांचा स्वर त्यामुळे टिकला. महाराष्ट्रातील बहुसंख्य रसिकांना राधा भेटली ती या रूपात; मूळ बंगाली चित्रपट त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. ‘छोटी सी मुलाकात’ जेथे फसला तेथे ‘खामोशी’ का टिकला, याचे एक उत्तर येथे मिळते. असित सेन यांनी हिंदी प्रेक्षकासाठी कथेला नवे कपडे चढवले नाहीत. गाणी आहेत, पण नायिका गात फिरत नाही. आधीच्या रुग्णाची भूमिका धर्मेंद्रसारख्या लोकप्रिय नटाने केलेली असूनही त्याच्या गाण्यात त्याला बराच वेळ पाठमोरा, अंधारात ठेवले आहे. राधेच्या स्मृतीत तो तसाच उरला आहे, चेहऱ्यावाचून, आवाजापुरता. वहिदा रहमान यांनी सुचित्रा सेन यांच्या अभिमानी रेषा गिरवल्या नाहीत. त्यांची राधा अधिक मऊ, अधिक थकलेली आहे, आणि म्हणून तिचे कोसळणे हळूहळू, डोळ्यांदेखत होते.

शेवटी राधेलाच त्या खोलीत ठेवावे लागते जेथे तिचे रुग्ण होते. डॉक्टरांना आपली चूक उशिरा उमगते. राजेश खन्ना यांनी उभा केलेला दुसरा रुग्ण, आता पूर्ण बरा, दाराबाहेर उभा राहून थांबण्याचे वचन देतो. त्याने तिला ओळखले आहे. यावेळी पुरुषाला सारे आठवते. आतल्या स्त्रीला मात्र आता कोणाचीच ओळख उरलेली नाही, आणि दार बंद होते.